वतन नसलेला कारागीर

वीज हा शब्द आमच्या भाषेंत फार जुना आहे. 'विद्युत्' या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें तो मराठींत आला, आणि शतकानुशतकें त्याचा अर्थ एकच होता: मृगाच्या पावसांत कडाडून झाडावर, देवळाच्या कळसावर किंवा रानांतल्या गुराख्यावर कोसळणारी ती वीज. तिच्यापासून दूर राहावें, एवढाच तिच्याशीं मनुष्याचा संबंध. तीच वीज आज आमच्या घरांत गिलाव्याखालीं वास करते, आणि तिच्या भिंतीला उशी टेकून आम्ही निर्धास्त झोंपतों. हा पालट ज्याच्या हातून घडला त्याच्याविषयीं आम्हीं कितीसें लिहिलें आहे? धरणांचे, गिरण्यांचे, आगगाड्यांचे इतिहास झाले. परंतु खांबावरची तार घरांतल्या दिव्यापर्यंत नेणारा जो कारागीर, ज्याला कोणी वायरमन म्हणतो, कोणी मिस्त्री म्हणतो, कोणी नुसतेंच 'लाईटवाला' म्हणतो, त्याची हकीकत क्वचितच कोणी सांगितली असेल. मराठवाड्यांतील नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरती ती सांगावी, असा या लेखाचा बेत आहे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. गांवचे वतनदार, बलुतेदार आणि त्यांचें परस्परांतील देणेंघेणें यांचें इतकें बारकाईचें वर्णन मराठींत क्वचितच आढळेल. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी यांचें काम ठरलेलें, आणि खळ्यावरचा त्यांचा धान्याचा वांटाही ठरलेला. काम बापाकडून मुलाकडे जाई, आणि गिऱ्हाइकाचें घरही त्याबरोबर वारशानें जाई. त्याच १९१५ सालीं खोपोलीच्या टाटा वीजगृहांतून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज वाहूं लागली. हा निव्वळ योगायोग. पण त्यांत इतिहासाचा कांहीं अर्थ दिसतो. एकीकडे जुन्या कारागिरीची यादी पूर्ण होत होती, आणि दुसरीकडे त्या यादींत जिला जागाच नव्हती अशी एक नवी कारागिरी जन्म घेत होती. वीज जोडण्याचें बलुतें कोणत्याच जातीकडे नव्हतें. तें कोणाच्या आज्यानें केलेलें नव्हतें, म्हणून तें कोणाच्या नातवाचें राखीवही नव्हतें. आमच्या मतें या धंद्याच्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती हीच.

मुंबईंत क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे १८८२ सालींच लागले होते, आणि १९०७ सालीं तेथें विजेची ट्राम धांवूं लागली. मराठवाडा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. हैदराबाद संस्थानानें १९१० सालीं आपलें वीजखातें उभारलें, आणि १९२० सालीं हुसेनसागराच्या कांठीं कोळशावर चालणारें वीजगृह सुरू झालें. ब्रिटिश हिंदुस्थानांतील विजेचा कायदाही १९१० सालचाच. पण संस्थानाचा कारभार वेगळा होता. राजधानी उजळली म्हणजे राज्य उजळतें असें मात्र नाहीं. नांदेड हें सचखंड गुरुद्वाऱ्यामुळें साऱ्या देशास ठाऊक असलेलें आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचें शहर. लातूर ही तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतली व्यापारी पेठ. बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद रूळ तिच्यापर्यंत १९११ सालीं पोंचला होता. आगगाडी दोन्हीं गांवीं आली, पण आगगाडीबरोबर वीज कांहीं खेड्यापाड्यांत उतरली नाहीं. तेथें दिवेलागणीला देवळींत पणती, चुलीपाशीं चिमणी आणि ओसरीवर कंदील, हाच क्रम पुष्कळ वर्षें चालू राहिला.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. त्यानंतरचें १९५६ हें वर्ष आमच्या या कथेंत विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षींच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं देशभर भारतीय विद्युत् नियम लागू झाले. आणि त्याच वर्षीं, निरनिराळ्या धंद्यांच्या शिक्षणास एकच माप असावें म्हणून, राष्ट्रीय पातळीवर व्यवसाय-प्रशिक्षणाची परिषद स्थापन झाली. पुढें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, २० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ अस्तित्वांत आलें, आणि १९७१ सालीं मराठवाड्याच्या ऐन मध्यावर, परळीस, कोळशाच्या वीजगृहाचा पहिला संच चालू झाला. खांब गांवोगांव उभे राहूं लागले. मंडळाचें काम मात्र मीटरपाशीं संपे. मीटरच्या अलीकडची तार सरकारची आणि पलीकडची घरधन्याची, ही सीमा तेव्हांही होती, आणि २००५ सालीं मंडळाचे भाग पडून महावितरण कंपनी झाली तरी ती तशीच राहिली. घरगुती वीज-कारागिराचें राज्य सुरू होतें तें या सीमेपासून.

त्याच्यापुढें आलेलें पहिलें घर कसें होतें, तें ध्यानांत घेतलें पाहिजे. मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे माळवद. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आंत लाकडी खांब-तुळया, त्यांवर फळ्या आणि सर्वांवर मातीचा जाड थर. अशा भिंतींत खिळा धरत नाहीं, आणि तुळईला ठोकलेला खिळा कोरड्या लाकडांत जातो. कारागीर भिंतींत लाकडाचे तुकडे ठोकी, त्यांवर सागवानी पट्टी बसवी आणि तिच्यावर रबरी वेष्टनाची तार पितळी चिमट्यांनीं घट्ट आवळी. याला 'बॅटन' म्हणत. ऐपतदाराच्या घरीं पट्टीला खांचा पाडून वरून लाकडी झांकण बसवीत, तें 'केसिंग-कॅपिंग'. चिनी मातीचा 'किटकॅट' फ्यूज, काळें गोल बटण आणि छताच्या मध्यावर एक दिवा, एवढा त्या घराचा सारा संसार. सर्व काम डोळ्यांसमोर असे. तार कोठून निघाली आणि कोठें गेली, हें घरांतल्या पोरालाही बोट दाखवून सांगतां येई. रबर उन्हाळ्याच्या झळांनीं कडक होऊन तडकूं लागलें, तर तेंही दिसे.

दिसत नसे तें निराळेंच. बटण हें जिवंत तारेंत बसवावयाचें असतें. कारागिरानें अजाणतेपणीं तें परतीच्या तारेंत बसविलें, तरी दिवा लागतो आणि विझतो. घरधन्यास कांहींच वावगें वाटत नाहीं. पण विझलेल्या त्या दिव्याच्या होल्डरांत वीज जागीच असते, आणि बटण बंद आहे म्हणून जो विश्वासानें दिवा बदलावयास जातो त्याचा हात ती धरते. फ्यूजचेंही तसेंच. भार वाढला कीं बारीक तार वितळून तुटावी, हा तिचा धर्म. ती वारंवार तुटते म्हणून तेथें जाड तार गुंडाळणाऱ्यास घरांत शाबासकी मिळते, कारण मग दिवे जात नाहींत; फ्यूज शाबूत राहतो, भिंतींतली तार जळते. जमिनींत पुरलेल्या अर्थिंगची गोष्ट तर खास मराठवाड्याची. खड्ड्यांत नळी पुरून तिच्याभोंवतीं मीठ आणि कोळसा भरावा, आणि वरून पाणी घालीत जावें, अशी रीत आहे. आमची काळी माती पावसाळ्यांत पाणी धरते, पण वैशाखांत तिला हातभर भेगा पडतात. जेथें पिण्यास पाणी नाहीं तेथें अर्थिंगला कोण पाणी घालणार? खड्डा सुकतो, आणि धोक्याच्या वेळीं विजेला जमिनींत जाण्यास जी वाट असावी ती अडते. चांगला कारागीर आणि वाईट कारागीर यांतील अंतर असें आहे कीं, दोघांचाही दिवा सारखाच लागतो.

म्हणूनच १९५६ च्या नियमांनीं एक शहाणपणाची अट घातली होती. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखें किरकोळ काम सोडून, घरांतील विजेचें कोणतेंही काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेंच करावें, तें योग्यतेचा दाखला असलेल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखालीं व्हावें आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याजवळही परवाना असावा. तत्त्वतः हीच अट २०१० सालच्या नव्या विनियमांत आणि त्यांच्या जागीं आलेल्या २०२३ च्या विनियमांत पुढें चालत आली आहे. वतन नव्हतें तेथें परवाना आला. जन्माच्या जागीं परीक्षा आली.

या परीक्षेची शाळा म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला आमच्याकडे सर्वजण 'आयटीआय' म्हणतात. कारागीर-प्रशिक्षणाची योजना केंद्र सरकारनें १९५० सालीं सुरू केली. नांदेड आणि लातूर या दोन्हीं शहरीं शासकीय संस्था आहेत. तेथील दोन अभ्यासक्रमांचीं मराठी नांवें मोठीं सुरेख आहेत: इलेक्ट्रिशियन तो 'वीजतंत्री' आणि वायरमन तो 'तारतंत्री'. वीजतंत्र्यास दहावीनंतर दोन वर्षें शिकावें लागतें. तारतंत्र्याचा अभ्यासक्रमही दोन वर्षांचाच, पण त्याचें दार दीर्घकाळ आठवी उत्तीर्णांनाही उघडें राहिलें. त्यापुढें १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालीं कारखान्यांत किंवा वीजकंपनींत उमेदवारी, मग तारतंत्र्याचा परवाना, पुढें पर्यवेक्षकाचा दाखला आणि शेवटीं स्वतःचें कंत्राटदारीचें लायसन, अशी ही चढती वाट आहे. जातीचा प्रश्न तिनें सोडविला, असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याच्या मामाचें दुकान आहे त्याला पहिलें काम लवकर मिळतें, आणि मुलींनीं ही विद्या शिकावयास आरंभ केला असला तरी घरोघर जाऊन तारा ओढणारी स्त्री अद्याप विरळाच दिसते. तरीसुद्धां भूमिहीन शेतमजुराचा मुलगा आणि पाटलाचा मुलगा एकाच मेजाशीं उभे राहून एकच जोड शिकतात, आणि त्या जोडाची परीक्षा त्यांच्या आडनांवानें होत नाहीं, ही गोष्ट गांवगाड्याच्या इतिहासांत नवीच होती.

दुसरीही एक शाळा आहे. तिला इमारत नाहीं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखालीं लागतो. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ उस्ताद, गुरु असा आहे. प्रथम शिडी धरणें, मग खाचा पाडणें, मग तार ओढणें आणि दोन-तीन वर्षांनीं एखादा बोर्ड एकट्यानें भरणें, असा तिचा अभ्यासक्रम. नांदेडच्या बाजारांत मराठी, दखनी उर्दू आणि इंग्रजी यांच्या मिश्रणांतून जी कामाची भाषा घडली आहे, ती या शाळेची क्रमिक पुस्तकें. या मुलांचा हात पुष्कळदां दाखलेवाल्याहून सफाईदार असतो. पण 'हें असें कां?' या प्रश्नाचें उत्तर त्यांना कोणी दिलेलें नसतें. अनुभवी माणसाला परीक्षा देऊन परवाना मिळविण्याची सोय आहे. ती वाट थोडेच चालतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन आटोपून गांवें झोंपलीं असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत हजारों माणसें आपल्याच माळवदांच्या दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. ज्या जाड भिंतींनीं उन्हाळा अडविला होता त्यांनींच घात केला. त्यानंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसलीं, आणि त्यांच्या बाहेरही लोकांच्या मनांतून माळवद उतरलें. सिमेंटची घरें हीच सुरक्षिततेची खूण झाली. वीज-कारागिराच्या धंद्याचा या पालटाशीं जवळचा संबंध आहे. माळवदांत त्याला घर पुरें झाल्यावर बोलावीत. सिमेंटच्या घरांत स्लॅब ओतण्यापूर्वींच सळ्यांमध्यें नळ्या अंथराव्या लागतात. म्हणजे घराला छप्पर नाहीं तेव्हांच दिवा कोठें टांगावयाचा तें ठरवावें लागतें. तो पाहुणा होता, तो आतां घर बांधणारांपैकीं एक झाला. पण त्याचबरोबर त्याचें काम दृष्टीआड गेलें. पूर्वीं पट्टीवर दिसणारी चूक आतां गिलाव्याखालीं वीस-तीस वर्षें लपून राहूं शकते. पाहणाऱ्याची नजर संपली कीं सारा भार करणाऱ्याच्या सचोटीवर पडतो.

त्यानंतरच्या तीस वर्षांत या घरांवर विजेचा बोजा वाढतच गेला. १९८२ सालीं लातूर स्वतंत्र जिल्हा झाला होता. पुढें 'लातूर पॅटर्न'ची कीर्ति पसरली, आणि डॉक्टर-इंजिनिअर होऊं इच्छिणारीं मुलें दूरदूरच्या गांवांहून येथें येऊन राहूं लागलीं. एका कुटुंबासाठीं बांधलेल्या घरांत अशा मुलांच्या खोल्या झाल्या, आणि प्रत्येक खोलींत पंखा, कूलर, पाणी तापविण्याचें उपकरण आलें. भिंतींतली तार मात्र पुष्कळदां जुनीच राहिली. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले. २०१६ च्या उन्हाळ्यांत तर मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें. पाणी खोल गेलें तशी विंधन-विहिरींत मोटार आणखी खालीं सोडावी लागली, आणि ओल्या हातानें चालू करावयाचें एक यंत्र घरांत वाढलें. या प्रत्येक वळणावर लोकांनीं हांक मारली ती वीज-कारागिरालाच.

आतां थोडें कटु बोललें पाहिजे. आपल्या देशांत वीजधक्क्यानें दगावणाऱ्यांची संख्या अलीकडे वर्षाला दहा हजारांहून अधिक असल्याचें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. हे सारेच मृत्यू घरांतले नव्हेत. शेतांतले आणि खांबावरचेही त्यांत आहेत. पण पावसाळा सुरू झाला कीं पत्र्याच्या घराला वीज उतरल्याची किंवा कपडे वाळत घालण्याच्या तारेनें घरच्या बाईला ओढून घेतल्याची वार्ता वाचावयास मिळाली नाहीं, असें वर्ष आम्हांस आठवत नाहीं. हा धोका टाळणारें साधन आहे. तीस मिलिअँपिअर इतकी अल्प वीज भलत्या वाटेनें जाऊं लागली, तरी क्षणार्धांत प्रवाह तोडणारी एक पेटी बाजारांत मिळते. जुन्या नियमांनीं अशी पेटी सक्तीची केली, त्या वेळीं पांच किलोवॅटखालच्या घरगुती जोडण्यांना सूट ठेवली, आणि २०१० च्या विनियमांतही ती सूट राहिली. म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्यांचें घर, जेथें धोका सर्वांत अधिक, तेंच सक्तीबाहेर राहिलें. तेथें ही पेटी बसवा म्हणून सांगणारा एकच मनुष्य उरतो: काम करावयास आलेला कारागीर.

आणि त्या कारागिराला आम्ही काय विचारतों? "पॉइंटला किती घेणार?" एवढेंच. परवाना दाखव, असें म्हणणारा घरधनी शंभरांत एक निघाला तरी पुष्कळ. नव्या जोडणीच्या अर्जाबरोबर परवानाधारकाचा चांचणी अहवाल लागतो. तेथें हात एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार सर्वांस ठाऊक आहे आणि कोणास त्याचें नवल वाटत नाहीं. ज्यानें दोन वर्षें विद्या शिकून, उमेदवारी करून, परीक्षा देऊन परवाना मिळविला, त्याला आम्ही शिडी धरणाऱ्या पोराच्या भावानें तोलतों. मग त्यानें कंटाळून पुण्याची किंवा हैदराबादची वाट धरली, तर दोष कोणाचा?

याला एक उत्तर मिळतें, आणि तें ऐकून घेतलें पाहिजे. आपल्या मुलानें वीजतंत्री व्हावें असें मध्यमवर्गी आईबापांना वाटत नाहीं, याचें कारण केवळ खोटी प्रतिष्ठा नव्हे. या धंद्यांत महिना ठरलेला नाहीं, पेन्शन नाहीं, शिडीवरून पडल्यास आधार नाहीं. लग्नसराईंत आणि दिवाळींत रात्र पुरत नाहीं, तर पितृपक्षांत हात रिकामे. हें खरें आहे. परंतु ही अनिश्चितता पुष्कळशी आमच्याच वागणुकीनें उत्पन्न झाली आहे, हेंही तितकेंच खरें. बलुतेदाराला दाणे कमी मिळत, पण गांवावर त्याचा हक्क होता. त्याला वगळून दुसऱ्याकडे जातां येत नसे. त्या व्यवस्थेचा अन्याय आम्ही जाणतों आणि ती परत यावी असें म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वतन मोडल्यावर त्याच्या जागीं विद्येचा जो हक्क यावयास हवा होता, तो कायद्यानें कागदावर दिला आणि गिऱ्हाइकानें व्यवहारांत नाकारला.

धंदा पुढें सरतच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें घरांच्या छपरांवर सौर वीज बसविण्याची मोठी योजना सुरू केली. मराठवाड्याच्या उन्हाला तोटा नाहीं. या विजेची रीत निराळी आहे; छपरावरच्या तावदानांतून निघणारा तिचा प्रवाह सूर्य माथ्यावर आहे तोंवर मुख्य बटणानेंही मरत नाहीं. माळवदांतल्या तारतंत्र्याचा नातू आज छपरावर चढतो तेव्हां त्याला आज्याच्या सवयी पुरणार नाहींत. नवें शिकावें लागेल. तो शिकेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पट्टीवरून नळीकडे आणि किटकॅटवरून स्वयंचलित बटणाकडे त्याच्या वडीलधाऱ्यांनीं अशींच पावलें टाकलीं.

शंका आहे ती आमच्याविषयीं. वाचकांनीं आज सायंकाळीं आपल्या घराच्या मीटरखालची पेटी एकदां उघडून पाहावी. तिच्यांत तीस मिलिअँपिअरची ती पेटी आहे काय? अर्थिंगच्या खड्ड्याला शेवटचें पाणी कधीं घातलें? हें काम ज्यानें केलें त्याचें पुरें नांव आपणांस ठाऊक आहे काय? घराच्या वास्तुशांतीला गवंड्याचा आणि सुताराचा मान करण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. त्या पंक्तींत वीजतंत्र्याचें पान मांडलें जावें. परंतु त्यापूर्वीं, कामाच्या पहिल्या दिवशीं, त्याचा परवाना मागून पाहावा आणि तो असल्यास त्याच्या विद्येचें मोल घासाघीस न करतां द्यावें. आकाशांतली वीज ज्याच्या भरंवशावर आपण उशाशीं घेऊन निजतों, त्याला इतकें देणें कांहीं जड नाहीं.